कातड्यातला चेहरा

कोल्हापूरहून परतणारा मनुष्य पिशवीतून काय काय आणतो, हे पुण्यातल्या कोणत्याही गृहिणीला पाठ असते. गुळाची ढेप, कांदा-लसणाची चटणी, अंबाबाईचा प्रसाद आणि चपलांचा निदान एक जोड. २०२५ च्या मे महिन्यात मी तीन आठवडे कोल्हापुरात काढून घरी आलो, तेव्हा माझ्या पिशवीत यांतले काहीच नव्हते. होता तो फक्त जुन्या पंचात गुंडाळलेला, वहीच्या पानाएवढा कातड्याचा एक तुकडा. शिवाय उजव्या अंगठ्यावर एक काळा डाग होता. पण तो काही पिशवीत नव्हता.

"तीन आठवडे राहून गूळसुद्धा नाही?" सौ. म्हणाली. मग तिने पंचा उलगडला, आणि गुळाचा विषय तिथेच राहिला.

त्या तुकड्याची ही हकिकत.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मे महिना आला की उत्तरपत्रिका तपासायच्या, उरलेल्या वेळात उकाड्याला नावे ठेवायची, हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता. माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, शिरस्ता निराळा होता. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या भिंतीला पाठ लावून ते पस्तीस वर्षे चपला शिवत बसले. आम्ही चर्मकार. घरात संत रोहिदासांची तसबीर होती. हातात रापी, पुढ्यात पाण्याची काथवट. त्या तसबिरीखाली बसून मी बाराखडी गिरवली. बापाचा धंदा शिकत नाही म्हणून मार खाल्लेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्याकडे उलटा कायदा होता. मी हत्यारांना हात लावायचा नाही. सात-आठ वर्षांचा असताना एकदा हौसेने रापी उचलली, तर आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "ह्ये तुझं न्हवं." आवाज चढवला नाही, पण पुन्हा मी त्या पेटीकडे फिरकलो नाही.

मी शिकलो. शहाणा झालो असे मात्र म्हणवत नाही. कॉलेजात असताना एकदा चार मित्रांबरोबर स्टँडवरून चाललो होतो. आबा समोरच बसलेले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, मित्रांकडे पाहिले, आणि मान पुन्हा खाली घातली. ओळख दिली नाही. मीही दिली नाही. रात्री जेवताना ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले, भाकरी वाढून घे म्हणाले. त्या दुपारविषयी आमच्यात कधी एक अक्षर निघाले नाही. मीही हे आजवर कुणाला सांगितले नव्हते.

२०२१ साली आबा गेले. त्यांचा बरासा म्हणावा असा फोटो एकच. २००२ साली माझ्या पदवीदानाच्या दिवशी, विद्यापीठाच्या दाराशी एका फिरत्या फोटोवाल्याने काढलेला. मी काळ्या झग्यात ऐटीत उभा, आई पदर सावरते आहे, आणि आबा धुतलेली टोपी घालून, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, खाली पाहताहेत. तो फोटो मोठा करून मी भिंतीवर लावला. पण येता-जाता ती खाली घातलेली नजर दिसली की मला स्टँडवरची दुपार आठवे. आपल्याच समारंभाला बापाने असे मान घालून उभे राहावे! लाज त्यांची वाटत नसे, माझी वाटे.

अशात एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो असताना भिंतीवर त्याच्या आजोबांचा चेहरा दिसला. कोल्हापूरच्या तालमीतले ते नावाजलेले वस्ताद. चेहरा कागदावर नव्हता, लाकडात नव्हता. कातड्यात कोरलेला होता. पैलवानाचा मोडका कान असा उठून आला होता की धरून पिळावासा वाटावा. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, हनुवटीवरचा जुना व्रण, सारे जिथल्या तिथे. मी बराच वेळ पाहत राहिलो. ज्या वस्तूला आबांनी मला हात लावू दिला नाही, तिच्यात माणूस एवढा जिवंत होऊ शकतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होते. निघताना मी कारागिराचा पत्ता मागून घेतला. सुभाषनगर, कोल्हापूर.

कोल्हापूरचे पाहुणे अंबाबाईला जातात, रंकाळ्यावर जातात, शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत घासाघीस करतात. ती चप्पल जिथून येते त्या गल्ल्यांत सहसा कुणी जात नाही. सुभाषनगर हा अशा गल्ल्यांचा भाग. सकाळी आठाला तिथे हातोडीचे ठोके सुरू होतात. दाराच्या उंबऱ्यात बसून बायका चपलेच्या पट्ट्यावरच्या वेण्या विणत असतात. बोटे चालतात आणि शेजारणीशी गप्पाही चालतात. घरात पुरुष तळ कापतात, शिवण घालतात. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. कातडे कातड्याच्याच वादीने शिवायचे. आणि सगळ्या गल्लीवर एक वास पसरलेला असतो, कमावलेल्या कातड्याचा. पुण्याच्या माझ्या घरात मी तो कधीच विसरलो असे समजत होतो. गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकले आणि मी सात वर्षांचा झालो.

ज्यांच्याकडे गेलो त्यांना सारी गल्ली 'मामा' म्हणते. मीही तेच म्हणू लागलो. मामा सत्तरीचे. पुण्याहून प्राध्यापक आले आहेत असे कळताच त्यांनी मला खुर्ची दिली. आडनाव विचारले, गाव विचारले, वडील काय करीत ते विचारले. मी सांगितले. मामा उठले, खुर्ची बाजूला ठेवली आणि स्वतःच्या शेजारचे पोते झटकून म्हणाले, "मग हितं बसा की. लांब कशाला?"

मामा तरुणपणी मुंबईत पट्टे-पाकिटे करणाऱ्या एका कारखान्यात होते. परदेशी गिऱ्हाइकांना पट्ट्यांवर फुले आणि घोडे लागत. कातडे कोरून चित्र उठवण्याची ही तऱ्हा अमेरिकेतल्या खोगिरे करणाऱ्या कारागिरांनी वाढवली. अल स्टोलमन (१९१९–१९९८) या गृहस्थाने तिच्यावर पुस्तके लिहून ती घरोघर नेली. त्यांतले एक फाटके पुस्तक मामांच्या हाती लागले. मामांना इंग्रजी येत नव्हते, पुस्तकाला मराठी येत नव्हते. दोघांचे चित्रांवर भागले. घोडे जमल्यावर मामांनी माणसे करायला घेतली, आणि गाव कोल्हापूर असल्यामुळे ती माणसे बहुधा पैलवान निघाली.

"मला शिकवाल?" मी विचारले.

मामांनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, आणि खडूचा हात आहे हे ओळखून म्हणाले, "शिकवीन. पर पयल्या आठवड्यात चेहऱ्याचं नाव काढायचं न्हाई."

पहिला धडा कातड्याचा. कोरीव कामाला प्रत्येक कातडे चालत नाही. बाजारातल्या मऊ पर्शीबिर्शी बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याच्या असतात; त्यावर ठसा उमटला तरी रबरासारखा परत फिरतो. लागते ते झाडपाल्याने कमावलेले कातडे. कोल्हापुरीचेही तेच. चुन्यात घालून केस काढायचे, आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे मुरवायचे. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तीत साल आणि पाणी भरून ती टांगून ठेवत. कातडे आतून बाहेर झिरपत झिरपत तयार होई. हे काम करणारी ढोर समाजाची घरे आता थोडी उरली आहेत. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून कातडे मुख्यतः म्हशीचे, आणि बरेचसे तमिळनाडूतून येते, असे मामांनी सांगितले.

'कमावणे' या क्रियापदावर मी वर्गात कितीदा बोललो असेन! पैसा कमावतात, नाव कमावतात, पैलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो. कातडे कमावतात, हे मात्र उदाहरणात घेतल्याचे मला आठवत नाही. वास्तविक साऱ्या उदाहरणांत तेच सगळ्यांत नेमके आहे. कच्च्याला मुरवून टिकाऊ करायचे.

दुसरा धडा पाण्याचा. कोरण्याआधी कातड्याला ओल द्यायची आणि प्लॅस्टिकात गुंडाळून रात्रभर ठेवायचे. सकाळी उघडून वाट पाहायची. ओल्याचा गडद रंग हळूहळू फिका होऊ लागतो. तो मूळ रंगाला पोचायच्या बेतात असताना तुकडा गालाला लावायचा. गार लागला, पण ओला लागला नाही, की कोरायला घ्यायचे. फार ओले असले तर ठसा चिखलात उमटल्यासारखा बसतो. फार कोरडे असले तर कातडे ऐकत नाही. गालाला कातडे लावून डोळे मिटून बसलेला मराठीचा प्राध्यापक पाहायला गल्लीतली पोरे जमत. मामी त्यांना हाकलत आणि स्वतः पाहत.

तिसरा धडा हत्यारांचा. कोरायची सुरी पेनासारखी धरत नाहीत. तर्जनी वरच्या खोबणीत दाबायची आणि अंगठा व बाकीची बोटे यांनी दांडा फिरवायचा. वळण मनगटाने नव्हे, बोटांनी घ्यायचे. काप कातड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, त्याहून खोल नाही. मग कापाच्या एका बाजूने उतरत्या तोंडाचा ठसा ठोकत न्यायचा, म्हणजे ती बाजू खाली बसते आणि दुसरी आपोआप वर येते. बारीक कामाला चमच्यासारखी गुळगुळीत टोके असलेल्या पट्ट्या. मामांच्या संग्रहातल्या दोन पट्ट्या दंतवैद्याकडच्या होत्या. "दात काढून काढून त्यांचा बी कटाळा आला हुता," मामा म्हणाले.

आठवडाभर मी नुसत्या रेघा, वळणे आणि पाने कोरली. दुसऱ्या आठवड्यात मला चेहऱ्याची परवानगी मिळाली. फोटोवरून पारदर्शक कागदावर आबांचा चेहरा उतरवून घेतला, ओल्या कातड्यावर ठेवून बोथट टोकाने गिरवला, आणि मोठ्या तयारीने सुरी चालवली. नाकाला काप, ओठांना काप, गालाच्या कडेला काप, प्रत्येक सुरकुतीला काप. संध्याकाळपर्यंत जे तयार झाले ते सोंगाड्याच्या मुखवट्याला शोभले असते. आबा त्यात औषधालाही नव्हते.

मामांनी तुकडा दिव्यापाशी धरला. "सर, चेहऱ्याला रेघ कुठं असती वो?"

मी गप्प.

"तुमच्या नाकाला कड हाय का? गालाला हाय का? उजेड वळतो तितं आपुन कड हाय म्हणतो. सुरी फकस्त टोपीला, कानाला आनि डोळ्याच्या वरच्या पापणीला. बाकी समदं दाबून काढायचं." मग म्हणाले, "उद्या काम बंद. गावात जावा आनि माणसं बगून या."

शिक्षकाला सुट्टी देणारा शिक्षक मला प्रथमच भेटला. मी गावात गेलो. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे. दरबारी चित्रकार आबालाल रहिमान इथले. लाकूडकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यात १८९० साली जन्मलेले बाबूराव पेंटर इथले. शाळेच्या शिक्षणावाचून त्यांनी चित्रे काढली, पुतळे घडवले, घरच्या घरी सिनेमाचा कॅमेरा बनवून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. ज्या गावात सुताराच्या पोराने माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवायची विद्या अशी मिळवली, तिथे पायताण शिवणाऱ्याने ती कातड्यात आणली तर नवल कसले?

उन्हे उतरताना दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर बसलो. ऊन कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर सरकत गेले आणि मामांचे म्हणणे डोळ्यांना दिसले. कुठेही रेघ नव्हती. नुसते उजेडाचे वळण होते. या राजाने १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. आबांचा "ह्ये तुझं न्हवं" हा हट्ट तरी कुठून आला असेल? बापाच्या हत्याराशिवाय दुसरे काही आपल्या मुलाचे असू शकते, हे आमच्या भागातल्या माणसांना कुणीतरी आधी दाखवून ठेवले होते.

दुसऱ्या तुकड्यावर काम बरे चालले होते. तीन दिवसांनी सकाळी पाहतो तर कडेला एक काळा ठिपका, आणि माझ्या अंगठ्यावर तसाच डाग. साबण लावला, घासले, निघेना. शाई सांडली म्हणावी तर शाई तिथे नव्हती. मामी हसून म्हणाल्या, "लोकंड लागलं."

मी ओल्या कातड्यावर रापी ठेवून जेवायला गेलो होतो. बाभूळ आणि हिरडा यांतला तुरटपणा ओलेपणी लोखंडाला भेटला की काळा होतो. कातड्यावर लिंबाचा रस चोळला तर बराचसा जातो. अंगठ्यावरचा आपल्या वेळेने जातो.

मी अंगठ्याकडे पाहत राहिलो. हा डाग मी ओळखत होतो. आबांच्या उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर तो बारा महिने असे. शाळेत पालकांनी सही करायच्या दिवशी तो दिसू नये म्हणून ते हात धोतराच्या घोळात घेत. फोटोत हात पाठीमागे गेले तेही त्यासाठीच. मी त्या डागाला मळ समजत आलो होतो.

आणि मग मराठीच्या मास्तराला जे फार पूर्वी आठवायला हवे होते ते आठवले. आपल्याकडे काळी शाई करीत, तिची एक जुनी कृती हिरडा आणि हिराकस यांची. हिरड्याचे तुरट पाणी आणि लोखंडाचा क्षार. म्हणजे तेच. ज्या डागापासून आबांनी मला दूर ठेवले आणि ज्या शाईकडे पाठवले, ती दोन्ही एकाच भांड्यातली निघाली.

मामा लिंबू कापायला उठले होते. मी म्हटले, "राहू द्या." मामांनी कारण विचारले नाही.

पण तो तुकडाही वाया गेला. डोळ्याची पापणी कोरताना सुरी खोल गेली. कातड्याला खोडरबर नसते. झालेला काप भरत नाही. मी वैतागून फोटो मामांपुढे टाकला. "या डोळ्यांचे काही जमत नाही. नजर पडलेली आहे. लाजलेला माणूस कोरायचा म्हणजे..."

"कोन लाजलंय?"

"आबा. पाहा ना, मान खाली."

मामांनी चष्मा लावला. फोटो उजेडाला नेला. बराच वेळ पाहिला आणि हसू लागले. इतके हसले की मामी बाहेरून आल्या.

"अवो सर, त्यो मानूस लाजत न्हाई. फोटोवाल्याचं पायताण बगतोय!"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

"लाजलेल्या माणसाच्या भिवया सैल पडत्यात. ह्यांच्या बगा, आवळल्यात. खालची पापणी ताणलीया. बारकाईनं बगताना ताणती. तुमी पयल्यांदा दारात आला, तवा मी तुमचं तोंड बगितलं व्हय? आदी पाय. डाव्या टाचंला झिजवताय तुमी." मामांनी फोटो मामींना दिला. मामींनी पाहिला आणि नुसती मान हलवली, जणू त्यात सांगण्यासारखे काही नव्हतेच.

तेवीस वर्षे तो फोटो माझ्यापाशी होता. समीक्षा शिकवणाऱ्या माणसाने, एका ओळीतून चार अर्थ काढणाऱ्या माणसाने, त्या नजरेचा एकच अर्थ लावला होता, आणि तो स्वतःविषयीचा होता.

स्टँडवरच्या त्या दुपारी आबांनी मान खाली घातली ती मला वाचवायला, की माझ्या चार मित्रांचे बूट पाहायला? आता ते कळायचे नाही. दोन्ही असेल. मी ओळख दिली नव्हती, ही गोष्ट मात्र कोणत्याही उजेडात धरली तरी तशीच राहते.

तिसरा तुकडा मी शेवटच्या आठवड्यात केला. डागाळलेल्या दुसऱ्या तुकड्याच्याच उरलेल्या भागातून मामांनी तो कापून दिला, आणि काळा ठिपका खालच्या कोपऱ्यात आला. या वेळी कापले फार थोडे: टोपीची कड, कानाची पाळी, वरची पापणी. नाक आणि गालाचे हाड मागून गोल टोकाने दाबून वर आणले, आणि पोकळी पुन्हा बसू नये म्हणून पाठीमागून सरस आणि कातड्याचा भुगा भरला. सुरकुत्या चमच्याच्या टोकाने ओढल्या. दाढीचे खुंट सुईने टोचले. भिवया आवळल्या, खालची पापणी ताणली. त्या पापणीवर मी पूर्ण एक सकाळ खर्च केली. मामा शेजारी पट्टे कापत होते. मधेच मान वळवून बघत आणि काही बोलत नसत. दुपारी म्हणाले, "आता थांबा. आनि हात लावला तर जाईल."

मी थांबलो. डावा कान थोडा मोठा झाला होता. नाकाची एक बाजू किंचित कमी उठली होती. पण दिव्याखाली धरले तेव्हा टोपीखालून एक माणूस खाली, समोरच्याच्या पायांकडे, अत्यंत आस्थेने पाहत होता.

पैशांचा विषय काढला तर मामा रागावले. मग म्हणाले, "जोड तेवडा न्या एक. टाच झिजल्याली बरी दिसत न्हाई." पण तो तयार व्हायला वेळ होता, म्हणून मी तसाच निघालो. पुढच्याच महिन्यात इटलीतल्या मिलान शहरी प्राडा कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पायताणे मिरवली. मूळ गावाचे नाव घेतले नाही, आणि आपल्याकडे ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतातली असल्याचे मान्य केले. २०१९ सालीच महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मी तावातावाने मामांना फोन केला. मामा म्हणाले, "त्यांचं असू द्या. तुमचा जोड झालाय. कवा येताय?"

जून महिन्यात गावी गेलो आणि तुकडा आईपुढे ठेवला. मला वाटले होते ती रडेल. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "कान मोटा झालाय," ती म्हणाली. मग बोटाने पापणीवरून हळूच फिरवले. "ह्ये मातर बराबर. काय तरी बगत्यात."

"काय बघताहेत?"

"त्या फोटोवाल्याची चप्पल. अंगठा तुटला हुता तिचा. घरी येस्तवर गाडीत तेच. 'पोरगं येवडं शिकलं, आनि त्याचा फोटो काडणारा तुटक्या चपलंत. दोन टाकं घातलं असतं तर काय झालं असतं, पर आज हत्यारं न्हाईत संगं.'"

"मला कधी सांगितले नाहीस?"

"तू कवा इचारलंस?" आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

तुकडा आता गावीच असतो. भिंतीवर लावायला आईने नकार दिला. उन्हाने कातडे तडकते हे तिला मला शिकवावे लागले. तो आबांच्या हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. कमावलेले कातडे वाळू द्यायचे नसते, त्याला अधूनमधून तेल लागते, हे मामांनीही सांगितले होते.

त्या दिवाळीला आम्ही सगळे गावी होतो. नरकचतुर्दशीला पहाटे मी उठलो तेव्हा बाहेर अंधार होता आणि स्वयंपाकघरात दिवा लागला होता. आईने वाटीत तेल कोमट केले होते. पाटावर फडके उलगडलेले, त्यावर आबा. ती दोन बोटांनी त्यांच्या कपाळाला, गालांना, मोठ्या झालेल्या कानाला तेल चोळत होती. कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यावरूनही बोट फिरले.

मी दारात उभा आहे हे तिला कळले. मागे न बघता ती म्हणाली, "बस पाटावर. त्येंचं झालं की तुझं."